पौष लागायच्या आत

पौष लागायच्या आत नव्या घरात जायचंच, हा हट्ट नीलांबरीचा. पुण्याच्या गुरुजींनी व्हिडिओ कॉलवर मुहूर्त काढून दिला आणि अमेरिकेतल्या डब्लिनच्या पलीकडे, परवापरवापर्यंत जिथे मका उभा होता, तिथल्या चाळीस प्लॉटांतल्या पहिल्या घरात दूध उतू गेलं. रस्त्यावर नुसती खडी होती. कोपऱ्यावर नावाची पाटी नव्हती. काउंटीच्या नकाशावर रस्ता फेब्रुवारीत चढणार होता.

"अगं, आधी रस्ता तर होऊ दे," सासरे म्हणाले होते. पण नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलेल्या माणसाचं कोण ऐकतं? "पौषात घर बदलत नाहीत, बाबा," म्हणून तिने विषय मिटवला.

टपालसुद्धा दारात येत नसे, सात मैलांवरून आणावं लागे. जानेवारीतल्या त्या दुपारी ती टपाल घेऊन परतली तेव्हा तीन वाजले होते. धुकं असं दाटलं होतं की तिला स्वतःचंच घर दोनदा चुकलं.

बाबा सोफ्यावर कलंडले होते. कपाळावर घाम, हात छातीवर.

"नीलू... जरा बरं वाटत नाहीये गं."

गाडीत घालून न्यावं तर बाबांना उभं राहवेना, आणि तिला एकटीला ते उचलेनात. फोन केल्यावर तिचा नवरा निमिष ऑफिसमधून निघाला होता, पण त्याला यायला तास लागणार होता. तिने अँब्युलन्ससाठी ९११ लावला. पलीकडची बाई शांतपणे इंग्रजीत बोलत होती.

"हा रस्ता आमच्याकडे दिसत नाहीये, मॅम."

"नवा आहे! मेन रोडवरून डावीकडे, पाण्याच्या टाकीनंतर. प्लीज, लवकर करा..."

थोड्या वेळाने सायरन ऐकू आला. जवळ आला, आणि तसाच पुढे निघून गेला. नीलांबरी दार उघडून बेंबीच्या देठापासून ओरडली. धुक्यात कुणाला काय ऐकू जाणार! सायरन फिरून आला, पुन्हा गेला. तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. मुहूर्त हवा होता ना? घे मुहूर्त!

मग सायरन एकदम थांबला.

"पोचले ते," फोनवरची बाई म्हणाली. "पांढरं घर, पुढे पोर्च, बाजूला लाल गोठा. बरोबर?"

नीलांबरीचं घर करड्या रंगाचं होतं. पण ते पांढरं घर तिने पाहिलं होतं. बिल्डरच्या ऑफिसात त्याचा फोटो टांगलेला होता. ते पाडूनच त्या जागी हे बांधलं होतं.

"नाही... ते घर आता नाहीये."

"मॅम, एका म्हाताऱ्या बाईंनी दार उघडलंय. पेशंट सापडला. सत्तरीचे गृहस्थ, तपकिरी स्वेटर. ऑक्सिजन लावताहेत."

नीलांबरीने मान वळवली. बाबा समोरच होते, तपकिरी स्वेटरमध्ये. बंद घरात ओल्या गवताचा आणि गुरांचा वास भरला होता. बाबांच्या ओठांवरचा निळेपणा उतरत होता. ते खोल, सावकाश श्वास घेऊ लागले. तिला रडूच फुटलं. वाचले!

"बाबा?"

"या बाई चहा घ्या म्हणताहेत..." डोळे मिटूनच ते पुटपुटले. "किती माणसं आली गं, नीलू..."

"आता त्यांना गाडीत घेताहेत," फोनवरची बाई म्हणाली.

"नको! नेऊ नका त्यांना! ते इथे आहेत, माझ्याजवळ..." तिने बाबांचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला.

बाहेर, अगदी अंगणात, गाडीचं दार धाडकन लागलं. तिच्या हातातला हात सैल पडला. सायरन सुरू झाला आणि दूर दूर जात विरला.

निमिष साडेचारला पोचला, वाट चुकलेल्या खऱ्या अँब्युलन्सला स्वतःच रस्ता दाखवत. त्या लोकांनी बाबांना तपासलं आणि टोप्या काढल्या. मघाशी इथे कुणीच पोचलं नव्हतं, असं ते शपथेवर सांगत होते. मृतदेह न्यायला फ्युनरल होमची गाडी सहापर्यंत येईल असं कळलं. निमिषने वडिलांच्या अंगावर पांढरी चादर ओढली. नीलांबरीला एकदाही बोल लावला नाही, आणि तेच तिला सहन होईना.

सहाला पाच मिनिटं असताना तिचा फोन वाजला.

"हॉस्पिटलमधून बोलतेय. तुमचे सासरे आता छान आहेत. घरी जायचा हट्टच धरलाय, म्हणून गाडीने पाठवलंय. पण ड्रायव्हरला पत्ता सापडत नाहीये. कुणीतरी बाहेर उभं राहाल का?"

"कोण होतं?" निमिषने विचारलं.

तिने फोन खाली ठेवला. चादरीकडे एकदा पाहिलं, शाल ओढली आणि दार उघडून खडीवर जाऊन उभी राहिली. या वेळी तरी बाबांच्या गाडीला घर सापडायला हवं होतं. भीती वाटत होती, तरी ती हटली नाही.

धुक्यात दोन दिवे दिसले. फ्युनरल होमची गाडी असणार. ती हात हलवू लागली.

तेवढ्यात त्यांच्या मागून आणखी दोन दिवे वळले.