खुलासा अपेक्षित

सोमवारी सकाळी अकराला दहा मिनिटं कमी असताना, कोलकात्याच्या सॉल्ट लेकमधल्या साठ्यांच्या घरात, विजयाबाईंनी गुन्हा कबूल केला. तो त्यांनी केलेला नव्हता.

त्यांच्या हातात चहाचा ट्रे होता. सायबर शाखेचा तरुण अधिकारी सोफ्याच्या कडेवर टेकला होता आणि एक महिला पोलीस दाराशी उभी होती. अधिकाऱ्याने हिंदीत मोजकंच सांगितलं. प्राजक्ताच्या स्वयंपाकाच्या व्हिडिओंखाली गेलं वर्षभर ‘स्पष्टवक्ता’ या नावाने जे लिहिलं जात होतं, ते बाहेरून आलेलं नव्हतं. ते याच घरातल्या इंटरनेटवरून, एका टॅबवरून लिहिलेलं होतं. घरात टॅब कोण वापरतं?

टॅब देवघराजवळच्या तिपाईवर होता. सकाळी विजयाबाई त्यावर भजनं ऐकत. दुपारी त्यांचा डोळा लागला, की मधुकरराव तो घेऊन गॅलरीत बसत.

खोलीत सगळेच होते. त्यांचा मुलगा चिन्मय ऑफिसला गेला नव्हता. तक्रार केलेली सून प्राजक्ता खिडकीशी उभी होती. केंद्र सरकारच्या लेखापरीक्षण खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले मधुकरराव आरामखुर्चीत वर्तमानपत्र समोर धरून बसले होते. पान काही केल्या उलटत नव्हतं. विजयाबाईंनी त्या पानाकडे पाहिलं… आणि ट्रे खाली ठेवला.

“मी,” त्या म्हणाल्या. “मैंने लिखा.”

“मासीमा, आप?” अधिकारी चहा घ्यायला वाकला होता, तो तसाच राहिला.

विजयाबाईंची खात्री होती की प्राजक्ता दचकेल, पुढे येईल, ‘काहीतरीच काय बोलताय आई’ म्हणेल. पाच वर्षं दोघींनी एकाच ओट्याशी काढली होती. पण प्राजक्ताने फक्त नजर वळवली.

“मला वाटलंच होतं,” ती म्हणाली.

विजयाबाईंनी मन घट्ट करून ठेवलं होतं ते पोलिसांसाठी, शेजाऱ्यांसाठी, महाराष्ट्र मंडळातल्या बायकांसाठी. या तीन शब्दांसाठी त्यांच्यापाशी काहीच नव्हतं.

वर्तमानपत्राचं पान उलटलं नाही ते नाहीच.

*

प्राजक्ताला तसं वाटण्याला कारण होतं. ती कोलकात्यात राहून मराठी पदार्थ करून दाखवायची आणि तिचे व्हिडिओ नाशिकपासून न्यू जर्सीपर्यंत पाहिले जात. स्पष्टवक्त्याची पहिली टिप्पणी तशी साधी होती. “पुरणपोळी कडेला कोरडी. खुलासा करावा.” तिने हसून उत्तर दिलं. पुढच्या वेळी दिलं नाही, तेव्हा “वारंवार विचारूनही उत्तर नाही” असं आलं. मग उद्दामपणा निघाला, माहेरचं वळण निघालं. खाली हसणारे जमले, टाळ्या देणारे जमले आणि प्रत्येक टाळीनंतर पुढची ओळ थोडी अधिक खोल जाऊ लागली. उन्हाळ्यात एका व्हिडिओखाली आलं: “स्वयंपाकघर सजवून झालं. पाळणा कधी?”

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी तिसऱ्यांदा नकारार्थी मान हलवली होती. इंजेक्शनांनी काळंनिळं झालेलं तिचं पोट विजयाबाई रोज कापडाने शेकून देत होत्या. ती ओळ वाचून प्राजक्ता न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ नळ वाहत राहिला.

मग गणपती आले. पुण्याहून आलेलं आंबेमोहोराचं पीठ ऐन वेळी कमी पडलं आणि सासू-सुनेने बाजारातल्या गोबिंदभोग तांदळाची पिठी काढली. बंगाल्यांचा पायसाचा, म्हणजे खिरीचा, तांदूळ तो, वासाला गोड आणि उकडीला चिवट. मोदक इतके सुबक झाले, की व्हिडिओत प्राजक्ता ‘आंबेमोहोर’ म्हणूनच बोलून गेली. दोघी ओट्याशी तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. “सांगायचं नाही हं आई कुणाला,” ती म्हणाली होती. “बंगाली तांदळाचे मोदक म्हटलं तर पुणेकर मला जिवंत ठेवायचे नाहीत.”

विजयाबाईंनी कुणालाच सांगितलं नाही. फक्त पानावर बसलेल्या नवऱ्याला सांगितलं, आणि तेही सुनेच्या कौतुकाने. मधुकरराव तेव्हा मोदकावर तूप घेत होते. “वा,” म्हणाले होते.

तिसऱ्या दिवशी स्पष्टवक्त्याने लिहिलं: “गोबिंदभोगाचे पीठ वापरून आंबेमोहोराचे नाव सांगणे ही प्रेक्षकांची शुद्ध फसवणूक आहे. खुलासा अपेक्षित.”

प्राजक्ताने हिशेब मांडला: ओट्याशी दोघीच होत्या. विजयाबाईंनीही मांडला. त्यांच्याजवळ एक जास्तीचा दुवा होता. खुलासा अपेक्षित… हे दोन शब्द त्यांनी पस्तीस वर्षं ऐकले होते, जेवताना, गाडीत, बदलीच्या सामानाच्या खोक्यांवर बसून. खात्याने आक्षेपाला उत्तर दिलं नाही की स्मरणपत्र जायचं, मग कडक स्मरणपत्र. मधुकररावांचा आक्षेप उत्तराशिवाय कधी बंद झाला नव्हता, याचा त्यांना किती अभिमान होता!

त्या दुपारी त्या झोपल्याच नाहीत. गॅलरीत गेल्या. खाली दुर्गापूजेच्या मंडपाचे बांबू उभे राहत होते.

“अहो, ते तुम्ही लिहिता?”

मधुकररावांनी टॅब उपडा ठेवला. नाही म्हणाले नाहीत. एवढा एक प्रामाणिकपणा त्यांच्यात अजून होता.

“चूक ते चूक म्हटलं मी,” ते म्हणाले. “आंबेमोहोर नव्हता तो. होता का?”

“आणि पाळणा?”

 समोरच्या बांबूवर एक माणूस चढत होता, त्याच्याकडे ते बघत राहिले.

“विजया, मी या घरात काही बोललो की सगळे ‘हो बाबा’ म्हणतात आणि आपापल्या कामाला लागतात. चिन्मय कानातला हेडफोन काढतसुद्धा नाही. मी केबिनमधून बाहेर पडलो की अख्खा मजला उभा राहायचा, तू पाहिलंयस. तिथे मी एक ओळ लिहितो आणि माणसं थांबतात. कुणी शिव्या देतं, कुणी शाबासकी देतं… पण थांबतात.”

“ती रडते हो.”

“लिहिताना मला प्राजक्ता दिसत नाही. स्वयंपाकघरात असते ती प्राजक्ता. तिथे असते ती… ती एक उत्तर न देणारी बाई असते. आणि उत्तर दिलं नाही की माझ्या डोक्यात काहीतरी चढतं. पाळण्याचं लिहिलं ना, तेव्हा वाटलं, आता तरी देईल.”

 हा माणूस मुंगीवर पाय पडू नये म्हणून चाल बदलायचा. सुनेच्या पहिल्या दवाखान्याच्या वेळी रात्रभर बाकावर बसून राहिलेला हाच माणूस. आणि संध्याकाळी समोर बसून तिच्या हातची भाकरी खाणारा, “आज डोळे का सुजलेत गं?” म्हणून विचारणाराही हाच. तेव्हा तो खोटं विचारत नव्हता, हेच त्यांना सर्वांत भयंकर वाटलं.

“बंद करा,” त्या म्हणाल्या. “माझी शपथ आहे.”

त्यांनी बंद केलं. पण प्राजक्ताने तोवर तक्रार नोंदवली होती.

*

सोमवारी अधिकारी टॅब घेऊन गेला. गुरुवारी सकाळी जबाब घ्यायला परत येईन, तक्रार पुढे चालवायची का ते तेव्हा ठरवा, असं जाताना म्हणाला. चिन्मय आईसमोर येऊन उभा राहिला.

“का, आई?”

विजयाबाईंनी सोसण्याची तयारी केली होती, कारण शोधून ठेवलं नव्हतं. “झालं खरं,” त्या म्हणाल्या.

“झालं खरं? दूध उतू गेलंय का?” त्याचा आवाज फाटला. “बाबा, तुम्ही तरी काही बोला तिला.”

मधुकररावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “मी काय बोलणार,” ते म्हणाले.

विजयाबाईंना वाटलं होतं, ते बोलतील. कबुली देताना मनाच्या तळाशी हीच एक आशा होती, की आपण पुढे झालो म्हणजे ते आपल्याला मागे ओढतील. ते काही उठले नाहीत… नवऱ्याची लाज राखावी, मुलाच्या मनातला बाप शाबूत राहावा म्हणून आपण हे केलं, आणि ते सगळं जसंच्या तसं शाबूत राहिलं. राहिल्या नव्हत्या त्या फक्त विजयाबाई.

चिन्मय त्या दिवसापासून स्वतःचा चहा स्वतः करू लागला. प्राजक्ताने नाशिकचं तिकीट काढलं, गुरुवार रात्रीचं. मंगळवारी दुपारी ती पितळी मोदकपात्र घेऊन स्वयंपाकघरात आली. ते विजयाबाईंच्या आईचं. लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीत त्यांनीच ते सुनेच्या हातात दिलं होतं.

“हे ठेवून घ्या.”

“अगं, ते तुझं आहे.”

“पोट शेकायचात माझं तुम्ही,” प्राजक्ता म्हणाली. ती रडत नव्हती. रडून संपलेल्या माणसाचा आवाज होता तो. “मी डोळे मिटून पडायचे आणि म्हणायचे, सख्ख्या आईनेही एवढं केलं नसतं. तेव्हा तुम्ही मनात काय म्हणत होतात, आई? एवढंच सांगा. पुढची ओळ जुळवत होतात?”

विजयाबाईंनी ओट्याची कड धरली. खरं जिभेच्या टोकाशी आलं होतं. दाराबाहेर पॅसेजमध्ये चपला थबकल्याचा आवाज त्यांनी ऐकला. मधुकररावांच्याच चपला.

“चुकलं माझं,” त्या म्हणाल्या.

चपला हळूच परत गेल्या.

त्या दिवशीच्या रात्रीच्या जेवणाला दोघंच होते. मधुकररावांनी आमटीचा घास घेतला आणि सवयीने म्हणाले, “मीठ कमी आहे आज.”

“खुलासा हवाय का?” विजयाबाई म्हणाल्या.

सदतीस वर्षांच्या संसारात त्या असं कधी बोलल्या नव्हत्या. मधुकररावांचा हात ताटावरच थांबला. विजयाबाई उठल्या, परत आलेलं मोदकपात्र त्यांनी चिंचेने घासायला घेतलं आणि ते लखलखीत झालं तरी घासतच राहिल्या. पाठ नवऱ्याकडे होती. ते केव्हा उठून गेले, ते त्यांना कळलं नाही.

*

बुधवारी संध्याकाळी प्राजक्ता मोबाईल घेऊन स्वयंपाकघरात आली. तिचा चेहरा पांढराफटक होता. तिने मोबाईल ओट्यावर, पिठाच्या डब्याशेजारी ठेवला.

मोदकांच्या व्हिडिओखाली मधुकररावांनी लिहिलं होतं. या वेळी स्वतःच्या मोबाईलवरून, संपूर्ण नावाने.

“‘स्पष्टवक्ता’ या नावाने येथे केलेल्या सर्व टिप्पण्या माझ्या आहेत. प्राजक्ता माझी सून आहे. माझ्या पत्नीने पोलिसांना दोष स्वतःचा असल्याचे सांगितले, ते असत्य आहे. ती हे लिहू शकत नाही. मी लिहू शकलो. खुलासा: नाही. – मधुकर विष्णू साठ्ये.”

विजयाबाईंनी ते वाचलं, पुन्हा वाचलं. ‘क्षमा’ हा शब्द त्यात कुठेच नव्हता. त्यांना ती मागता आली नसणार, हे त्या जाणत होत्या. आयुष्यभर खुलासे मागणाऱ्या माणसाने ‘नाही’ लिहिलं होतं, त्याच्यापाशी होतं तेवढं सगळं त्यातच आलं होतं.

“आई,” प्राजक्ता म्हणाली. पुढचे शब्द तिला सापडेनात. तिने विजयाबाईंचा पिठाने भरलेला हात दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला आणि तिला हुंदके फुटले. “मी काय काय बोलले तुम्हाला… मी मोदकपात्र परत केलं…”

“मी बोलू दिलं तुला,” विजयाबाई म्हणाल्या. “तुझा काय दोष? मी नवऱ्याला झाकलं. तुला उघड्यावर टाकून झाकलं. ते बरोबर होतं असं मला आता वाटत नाही.”

 मग मोबाईलचा पडदा पुन्हा उजळला, आणि पुन्हा, आणि थांबेचना.

मधुकररावांच्या कबुलीखाली माणसं जमली होती. म्हातारड्या, तोंड काळं कर. अशांना पेन्शन कशाला. कुणीतरी मंडळाच्या गणपतीतला त्यांचा फोटो शोधून लावला होता, हातात आरतीचं ताट असलेला. कालपर्यंत स्पष्टवक्त्याला टाळ्या देणारी नावंही त्यात होती.

“एक सांगू?” प्राजक्ता डोळे पुसत म्हणाली. “सुरुवातीच्या वाचल्या ना, तेव्हा बरं वाटलं मला. अगदी आतून बरं वाटलं. अजून या, अजून बोला, असं म्हणत मी खाली खाली जात होते. मग ही आली.”

तिने बोट ठेवलं. कुणा बाईने प्राजक्ताची बाजू घेऊन लिहिलं होतं: “ताई, अशा सासऱ्याच्या घरात मूल झालं नाही, तेच बरं.”

त्या ओळीला शेकडो टाळ्या होत्या.

“बाबांना लिहिताना असंच वाटत असेल का हो?” प्राजक्ताने विचारलं. “मला वाटलं तसं? बरं?”

विजयाबाईंनी गॅस बंद केला. 

“हे सगळं पुसून टाकता येतं मला,” प्राजक्ता म्हणाली. “चॅनेल माझं आहे. बाबांनी लिहिलेलंही पुसता येतं आणि या सगळ्यांचंही.”

“मग?”

“पुसलं तर कुणाला वाचवल्यासारखं होईल, तेच मला कळत नाहीये.”

मधुकरराव होते त्या आतल्या खोलीचं दार बंद होतं. चिन्मय ऑफिसातून आला, जिन्यातच त्याने ते वाचलं असावं. तो सरळ त्या दारापाशी गेला, हात उचलला आणि दार न वाजवताच तिथे जमिनीवर बसला. विजयाबाईंनी चहा नेऊन दिला तेव्हा त्याने कप घेतला. “आई गं,” एवढंच म्हणाला आणि आईच्या पदराची कड मुठीत धरून राहिला, लहानपणी बदलीच्या गावी आगगाडीत धरायचा तशी.

*

गुरुवारी सकाळी पावणेअकरापर्यंत प्राजक्ताने तक्रार मागे घेतलेली नव्हती. व्हिडिओखालचं काहीही पुसलेलं नव्हतं आणि नाशिकचं तिकीट रद्द केलेलं नव्हतं. बॅग दाराशी भरून होती. मोदकपात्र मात्र बॅगेत नव्हतं. रात्रीतून केव्हातरी ते प्राजक्ताच्या फडताळात, तिच्या डब्यांच्या रांगेत परत गेलं होतं. ते कुणी ठेवलं, हे दोघींपैकी एकीनेही विचारलं नाही.

मधुकरराव इस्त्रीचा पांढरा सदरा घालून बैठकीच्या खोलीत बसले होते, ऑफिसला जायचे तसे. वर्तमानपत्राची घडी मोडलेली नव्हती. मोबाईल समोरच्या टेबलावर होता आणि थोड्या थोड्या वेळाने त्याचा पडदा उजळत होता. दर वेळी ते तिकडे पाहत आणि दर वेळी हात मांडीवर परत ठेवत. विजयाबाई त्यांच्या शेजारी बसल्या नाहीत. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या, जिथून नवराही दिसत होता आणि सूनही.

“प्राजक्ता,” मधुकरराव म्हणाले.

ती खिडकीशी होती. तिने वळून पाहिलं.

खाली गाडी थांबल्याचा आवाज आला, मग लिफ्टचं जाळीचं दार ओढल्याचा. मधुकररावांचं पुढचं वाक्य अजून आलेलं नव्हतं. प्राजक्ता उत्तर न देता उभी होती आणि दाराची घंटा वाजली.