सवतीचा राणीछाप

चहा घ्या आधी. नाणी दाखवतो, पण आज माझं लक्ष ठिकाणावर नाही. दोन-चार दिवस झाले, हे कुणाजवळ तरी बोलायचंच होतं.

मी अश्वजित, लातूरच्या शाळेत इतिहास शिकवला आणि बाकीचा जन्म इंग्रजांच्या नाण्यांतल्या चुका हुडकण्यात घालवला. भूतखेत, देवदेवस्की आमच्या घरात बापजन्मी शिरली नाही. त्यामुळं किल्लारीच्या भागवतनं सवतीचं नाणं बघायला या म्हणून फोन केला, तसा मी बेधडक दुपारच्या जीपमध्ये बसलो.

भागवत चांगला शेतकरी. त्याची पहिली बायको सुकन्या तीन वर्षांमागं गेली. दुसरी केली, सिंधु. आता दुसरेपणावर दिलेल्या पोरीनं मेलेल्या सवतीचा टाक, म्हणजे तिचं तोंड उठवलेला चांदीचा पत्रा, गळ्यात बांधायचा, म्हणजे सवत रुसत नाही म्हणतात. भागवतच्या आईनं टाक घडवायचा कंटाळा केला. घरातल्या राणीछाप रुपयालाच कडी लावली. बाईचं तोंड आहे ना, झालं तर! इंग्लंडची राणी किल्लारीत सवत म्हणून नांदतेय, या विचारानं मला हसूच आलं.

भागवत म्हशीला पाणी पाजायला गेला, तशी सिंधु तांब्या ठेवता ठेवता पुटपुटली, "सर, नाणं लई मोलाचं हाय म्हना. मोलाचं असलं तर इकतो म्हनलेत हे. मग सुटंल माझ्या गळ्यातून."

"का बाई, जड होतंय?"

"न्हाई..." ती दाराकडं बघून राहिली. "गरम होतंय. अंगासारखं."

नवऱ्याच्या मनाविरुद्ध ते काढायची तिची टाप नव्हती. पोरीच्या डोळ्यांखाली काळं पडलेलं होतं. मला वाईट वाटलं.

भागवत आला. लाईट गेलेली होती. मी भिंग लावलं आणि टॉर्च आडवी धरली. उजेड समोरून पडला की चूक दडते, बाजूनं पडला की उघडी पडते. साल अठराशे अठ्ठ्याऐंशी. शेवटच्या आठाच्या खालून साताची आडवी रेघ डोकावत होती. टाकसाळीत साल बदललं की कधीकधी नवा ठसा न करता जुन्यावरच नवा आकडा ठोकायचे. खालचा आकडा पुरता मरत नाही.

"अरे, हे तर दुर्मिळ आहे!" मी म्हणालो. खोटं बोलायची गरजच पडली नाही.

"काढ गं," भागवत खुशीत म्हणाला.

सिंधुनं दोरा सोडला. "सुटले बाई!" म्हणाली आणि रडायलाच लागली.

तेव्हा तिच्या गळ्याखालचा गोल वळ दिसला. रोज रुतून वळ पडणारच, म्हणून मी सहज टॉर्च वळवली... आणि भिंग परत डोळ्याला लावलं.

नाणं कातडीत रुतलं तर छाप आत दबते, अक्षरं उलटी येतात. हा वळ वर उठलेला होता. सगळं सरळ होतं. नाण्याची छाप नव्हती ती. तिच्या कातडीचंच नाणं पडलं होतं... आतल्या बाजूनं कुणी तरी ठोकल्यासारखं.

त्यावर राणी नव्हती. नाकात चमकी घातलेली, डोईवर पदर घेतलेली बाई होती. भागवतनं वाकून बघितलं.

"सुकन्या..." एवढंच म्हणाला.

चेहऱ्याखाली साल होतं. शेवटचा आकडा दुहेरी. खाली सुकन्या गेली त्या सालाचा आकडा, पुसट. त्याच्यावर ठोकलेला हा चालू सालाचा. ताजा, कडेनं लाल.

"कोणतं साल हाय, सर?" सिंधुनं हळूच विचारलं.

"दिसत नाही, बाई."

"दिसून राहिलंय तुम्हाला..." ती म्हणाली आणि पदर ओढून घेतला.

आज एकतीस डिसेंबर. दिवेलागण झाली. एवढे पाच-सहा तास निघाले, साल बदललं, की सुटली पोर, असं मी सकाळपासून मनाला सांगून राहिलो. आणि दुपारपासून भागवतचा फोन येऊन राहिलाय. मला उचलवत नाही हो.

हा बघा, परत वाजला. तुम्ही घ्या. घ्या ना... फक्त तो काय म्हणतोय ते मला सांगू नका.