फुकटचं सूप

"मॅडम, मासे धरताय की सूप घेताय?"

मागून कुणीतरी म्हणालं आणि माझ्या हातातला डाव तिथेच थांबला. वळून पाहिलं तर एक उंच मुलगा. केसांवर गारठलेल्या पावसाचे थेंब, हातात रिकामा वाडगा, आणि चेहऱ्यावर असं हसू, की जणू कॅन्टीन त्याच्या आजोबांनीच बांधलंय. मला राग यायला हवा होता... आला नाही.

"रांग खोळंबलीय, म्हणून विचारलं," तो म्हणाला.

"मागे तर कुणीच नाही."

"मी आहे ना!"

आमच्या कॅन्टीनच्या दाराशी सूपचं मोठं पातेलं असतं. फुकटचं. फुकट म्हणजे पाणीच ते! पण त्यात एखाददुसरं अंडं फेटून सोडलेलं असतं, थोडा पाला असतो, आणि ते सगळं तळाशी जाऊन बसतं. वरवर डाव मारणाऱ्याला नुसतं गरम पाणी मिळतं. डाव कडेकडेने खाली सोडायचा, तळाला टेकला की जरा थांबायचं आणि न हलवता हळूच वर आणायचा. मग वाडग्यात अंड्याचे पिवळे पापुद्रे तरंगतात. मला ते छान जमायचं.

"मलाही शिकव," त्याने डाव मागितला. आणि पहिल्याच झटक्यात सगळं ढवळून ठेवलं.

"किती ती घाई! आता थांब, बसू दे खाली."

"बरं. तोवर नाव तरी सांग."

मी मियाओ सुई. रसायनशास्त्र, दुसरं वर्ष. तो शाओ यिनशान, लान्चोउ शहरातलाच. भौतिकशास्त्राला कंटाळून त्याच आठवड्यात आमच्या वर्गात बदलून आला होता.

"गाव कुठलं?"

"डोंगरातलं. बटाट्याशिवाय काही पिकत नाही तिथे."

"म्हणजे तू बटाटा!"

झालं. त्या दिवसापासून सुई हे नाव फक्त हजेरीपुरतं उरलं.

मग काय... लॅबमध्ये मी थेंब मोजत असायची आणि नजर वर केली की समोरच्या ओट्यावरून तो बघत असायचा. सकाळी नूडल्सचा वाडगा आणायचा आणि गोमांसाचे सगळे काप माझ्या डब्याच्या झाकणात काढून ठेवायचा. "मला मांस आवडत नाही गं," म्हणायचा. गोमांसाच्या नूडल्सचं शहर लान्चोउ, तिथला पोरगा आणि मांस आवडत नाही! त्यावरून रोज भांडण. संध्याकाळी आम्ही पिवळ्या नदीच्या काठाने चालायचो. वारा असा बोचरा, की बोलायला तोंड उघडवत नसे. तरी बोलायचोच.

अशाच एका संध्याकाळी मी त्याला सगळं सांगितलं. दक्षिणेत बांधकामावर असताना बाबा परांचीवरून पडले, तेव्हापासून अंथरुणाला खिळलेत. आई एकटीच बटाटे काढते. मी दुपारी नुसता भात आणि ते सूप घेते, आणि खोलीतल्या मुलींना सांगते की वजन कमी करतेय...

"हे कुणाला सांगू नकोस हं."

"वेडी आहेस का? कुणाला सांगणार?" त्याने माझा हात स्वतःच्या कोटाच्या खिशात घेतला. खिसा उबदार होता.

पुढच्याच आठवड्यात तो एक पिशवी घेऊन आला. आत बदकाच्या पिसांचं फिकट निळं जाकीट.

"आईने माझ्यासाठी घेतलं, पण माप चुकलं. दुकानदार परत घेत नाही."

"तुझ्यासाठी? कमरेला पट्टा असलेलं?"

"आईला... जरा कमी दिसतं."

आम्ही हसून हसून बेजार झालो. खरं काय ते दोघांनाही ठाऊक होतं, बोललं मात्र कुणीच नाही. मी वाट बघायची ठरवली. असे शब्द मागून घेण्यात काय गंमत?

बघता बघता पुढचा ऑक्टोबर आला, आणि त्याच्याबरोबर गरजू मुलांच्या मदतीची बैठक. ती मदत होती म्हणूनच मी लॅबमध्ये उभी होते. फी कर्जातून जायची, पण जेवायचं कशावर? नोकरी धरावी तर दुपारची लॅब बुडते, आणि लॅब बुडवून कुणी रसायनशास्त्र शिकत नाही. मदत गेली की थेट मावसभावाच्या कारखान्यात बॅटऱ्या जोडायला. बाबांनी तसं बोलूनही दाखवलं होतं.

कोण किती गरीब, हे आमच्याकडे वर्गातलीच मुलं ठरवतात. मतं घेऊन पंच निवडतात. यिनशान सगळ्यांचा लाडका, तो निवडून आलाच.

"आता लाच द्यावी लागणार म्हणायची," मी चिडवलं.

"एक वाडगा सूप. तळातलं."

बैठकीला निघाले तर माझ्या खोलीत राहणारी च्याओ दारात आडवी आली. "ते निळं घालून जाऊ नकोस गं बाई. ते कोपरावर फाटलेलं घाल. तिथे सगळे तसंच करतात."

"मी काय नाटकात काम करायला चाललेय?"

बाहेर पाऊस भुरभुरत होता. आणि खरं सांगू? ते जाकीट घातलं की मला मी त्याचीच असल्यासारखं वाटायचं. तेच घालून गेले.

माझं नाव निघताच पंचांपैकी कुआंग लेई उठली. "मला वाईट काही म्हणायचं नाही. पण असलं जाकीट माझ्याकडेसुद्धा नाही. ज्याला खरी गरज आहे, त्याला मिळायला हवं ना?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. वर्ग सांभाळणाऱ्या शिन मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. जाकीट यिनशानने दिलं म्हणावं, तर तो स्वतःच पंच!

तेवढ्यात तोच उभा राहिला.

"ते जाकीट मी दिलंय. तिच्याकडे नव्हतं म्हणून. आणि... माझं प्रेम आहे तिच्यावर."

कुणीतरी शिट्टी मारली. माझे कान तापले. मदत, बॅटऱ्या, सगळं क्षणभर विसरले मी. वर्षभर वाट पाहिलेले शब्द भर वर्गात, शिन मॅडमच्या देखत आले होते, तरी किती गोड लागले! तो तिथेच खाली बसला असता ना, तर मी जन्मभर त्याची झाले असते.

"प्रेम असू दे रे," कुआंग लेई म्हणाली. "पण त्याने गरज कशी कळणार?"

आणि तो बोलत सुटला. बाबांचं अंथरूण. आईचे भेगाळलेले हात. "ती वजन कमी करत नाहीये, तुम्हाला खोटं सांगते! दुपारी नुसता भात खाते. फुकटच्या सूपच्या तळातून अंडं कसं काढायचं ते तिला येतं... एकदा बघा तिला, मग विचारा गरज आहे का!"

आणि त्याने हाताने करून दाखवलं. कडेकडेने खाली... जरा थांबून... हळूच वर.

त्याचे डोळे भरून आले होते. दोन-तीन मुली नाक पुसत होत्या. सगळे हात वर गेले, पहिला कुआंग लेईचा. मी जाकिटाच्या पट्ट्याकडे बघत बसले. मरून जावं असं वाटत होतं.

तो जिन्यावरून धावत माझ्या मागे आला. "मिळालं! बटाटा, मिळालं ना! ...अगं, बोल की काहीतरी."

"कुणाला सांगणार नाही म्हणाला होतास."

"नसतं सांगितलं तर गेलं असतं सगळं! लॅब सुटली असती तुझी."

"माहितेय."

"मग माझं चुकलं काय?"

त्याने माझं शिक्षण वाचवलं होतं. मी त्याची ऋणी होते, अगदी मनापासून. पण ज्याचे उपकार झाले, त्याच्याशी उद्या मांसाच्या कापांवरून भांडायचं कसं?

"प्रेम आहे म्हणालास," मी म्हटलं, "ते आधी मला सांगायचंस रे. मी ते पहिल्यांदा ऐकलं, ते पुरावा म्हणून."

आणि मी पावसातच बाहेर निघाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी कॅन्टीनमध्ये गेले तर पातेल्यापाशी उभ्या मुली बाजूला सरकल्या. एकीने माझ्या हातात डाव दिला. "घे गं, तू आधी घे. तळाला आहे अजून." किती प्रेमाने म्हणाली! मी डाव ठेवला आणि भात घेऊन कोपऱ्यात जाऊन बसले.

मग यिनशान आला. त्याने डाव उचलला. कडेकडेने खाली सोडला, थांबला, हळूच वर आणला. एक पापुद्रासुद्धा निसटला नाही. भरलेला वाडगा त्याने माझ्यासमोर ठेवला. आजूबाजूचे बघत होते.

"बघ," तो हळूच म्हणाला, "जमलं मला."

मी सूप प्यायले. आमच्या घरी अन्न टाकत नाहीत. शेवटच्या पापुद्र्यापर्यंत प्यायले. गरम होतं, चांगलं होतं. मग निळं जाकीट काढलं, नीट घडी घातली आणि त्याच्या शेजारी बाकावर ठेवलं.

"बाहेर थंडी आहे, बटाटा..."

"सुई म्हण."

त्याने मान खाली घातली. मग विचारलं, "अजून थोडं आणू?"

"नको," मी म्हटलं. रिकामा वाडगा उष्ट्या भांड्यांच्या खिडकीपाशी नेऊन ठेवला आणि लॅबची वेळ झाली होती, तिकडे गेले.