हिराजीची हवा

झुंबरने पाणबुड्याचा रेग्युलेटर बनवला तो एक पक्कड, एक कानस, एक पेचकस आणि माझा साबण एवढ्या सामानावर. साबण अंघोळीचा होता. बोईसरच्या भाड्याच्या खोलीत तेवढे दिवस मी बिनसाबणाचे काढले आणि तक्रार केली नाही. अशी कारागिरी पाहायला मिळत असेल तर माणसाने थोडा वास मारायला हरकत नसते.

झुंबर नगरकडचा, तारापूरला वीज केंद्राच्या बांधकामावर फिटर. मी तिथेच स्टोअरला. समुद्रातल्या कामासाठी कंत्राटदाराने एक पाणबुड्या आणला होता, पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून उतरणारा. त्याचा रेग्युलेटर झुंबरने जेवणाच्या सुट्टीत हातात घेऊन पाहिला, परत दिला, आणि संध्याकाळी म्हणाला, "आन्या, यात काय नाय रं. श्वास ओढला की पडदा आत येतो, पडदा दांडी दाबतो, दांडी हवा सोडती. ओढायचं थांबलं की बंद. कुणी ओढल्याबिगर हवा सुटायचीच नाय."

मग भंगारातून माल आला. दाब उतरवायला वेल्डिंगचा जुना व्हॉल्व, डब्याला दोन पितळी झाकणं, पडद्याला मोटारीची ट्यूब, दांडीला सायकलची तार, स्प्रिंग कुलपातली. रोज संध्याकाळी तो सगळं खोलायचा, गोड्या पाण्यात धुवायचा, पेपरावर वाळवायचा, पुन्हा जोडायचा आणि सांध्यासांध्याला साबणाचा फेस लावून बघायचा. फेसाला फुगा आला की पुन्हा कानस. मी एकदा प्रेमाने पडद्याला खोबरेल चोळलं. रबर पापडासारखं फुगलं. झुंबर माझ्याशी बोलेना. नव्या पडद्याशी बोलायचा.

यंत्र पुरं झाल्यावर त्याने सांगितलं की त्याला पोहता येत नाही.

"मग खाली कोण जाणार?"

"तू विहिरीत पवायचास की."

खाली जायचं कारण होतं. चिंचणीचा हिराजी पावसाळ्याआधी खडकात अडकलेला नांगर सोडवायला पाण्यात उतरला होता, तो वर आला नव्हता. त्याचा भाऊ सुका आमच्याकडे साइटवर मासळी घेऊन यायचा. "मिस्त्री, कायतरी गावू द्या," तो म्हणाला. "हातातला कडा, कमरेचा करगोटा. त्याशिवाय वयनी दहावा करू देत नाय." हिराजीची बायको, जमना, कपाळाला कुंकू लावून बाजारात बसायची आणि कुणी काही बोललं तर मासळीचा भाव वाढवायची.

एका रविवारी दुपारी आम्ही सुकाच्या होडीतून निघालो. आम्ही नको म्हणत असताना जमनाही आली. समुद्र थाळीतल्या पाण्यासारखा स्थिर होता. जागेवर पोचल्यावर मी कपडे उतरवले. झुंबर म्हणाला, "घाई करू नगं. आदी यंत्र एकटं जाऊ दे. गळत आसंल तर बुडबुड्यांची बारीक रेघ येईल." त्याने पाणबुड्याकडून मागून आणलेल्या सिलिंडरला रेग्युलेटर जोडला, व्हॉल्व उघडला आणि दोराने सगळं तळाला सोडलं.

रेघ आली नाही. झुंबरची छाती फुगली.

मग बुडबुडे आले. एक झुबका. मग काही नाही. मग पुन्हा एक झुबका.

"गळतंय," मी म्हणालो. मला गळायला हवं होतं.

"गळती आशी थांबून थांबून येत नसती," झुंबर म्हणाला.

झुबका, शांतता, झुबका. घाई नाही, धाप नाही. मला कंत्राटदाराचा पाणबुड्या आठवला. तो पगार घेऊन म्हशीसारखा हवा ओढायचा. खाली जे कोणी होतं, त्याची लय ऐकत राहावी अशी होती.

सुका दोर ओढायला लागला. जमनाने त्याचा हात धरला.

"काडू नको."

"वयनी, यंत्र बिघडलाय."

"झोपला का तो असाच श्वास घेते," ती म्हणाली. "काडू नको."

आम्ही काढला नाही. बुडबुडे थांबल्यावरच सिलिंडर वर काढला. हवेच्या दाबाचा काटा शून्यावर होता. झुंबरने होडीतच रेग्युलेटर खोलला. पडदा जागेवर, दांडी सरळ, वाळूचा कण नाही. त्याने तो पुन्हा जोडला, तोंडात धरला, काढून हातात घेतला.

"गरम हाय," तो म्हणाला.

जमनाने विचारलं, "दादा, आता तो काय ओढंल?"

झुंबरने तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, तो समजूत घालेल. तो म्हणाला, "पुढल्या रविवारी भरून आणतो."

मी कपडे घातले. खाली जायच्या कामावरून माझी बदली परस्पर झाली होती आणि मी कोणाकडे दाद मागितली नाही.

साहेबाने साइटचा कॉम्प्रेसर रविवारपुरता वापरू दिला. झुंबर हवा भरायचा, मी साबण द्यायचो, सुका वल्ही मारायचा. दर रविवारी सिलिंडर जास्त वेळ पुरायला लागला. झुबके लांबले, मधल्या शांतता लांबल्या. झुंबर कौतुकाने बघत राहायचा. "मानूस यंत्राला चांगला सरावला," एकदा पुटपुटला. जमना दोराला हात लावून बसायची. दहाव्याचं नाव सुकाने पुन्हा काढलं नाही.

नंतरच्या एका रविवारी दुपारभर बुडबुडे आले. ऊन उतरल्यावर आम्ही दोर ओढला.

काटा जागचा हलला नव्हता. सिलिंडर भरलेला होता.

झुंबरने काट्यावर टिचकी मारली. काच पुसली. पुन्हा मारली.

बुडबुडे येतच होते. मात्र होडीखाली नाही. थोडे पलीकडे. मग आणखी पलीकडे. चिंचणीच्या बाजूला सरकत होते, माणूस चालतो तेवढ्या गतीने.

जमना उभी राहिली. पदर खोचला.

"सुका भाव, होडी फिरव लवकर," ती म्हणाली. "घरी कोण नाय."