त्याच्या पट्टीतलं गाणं

शालिग्राम मास्तरचा फायदा कशात होता, ते आधीच सांगून टाकलेलं बरं. उगाच कुणी त्याला साधुपुरुष समजायला नको. शेवंता खालच्या पट्टीत गात राहिली, तर तो तिच्या शेजारी बसून युगुलगीतं गाणार होता. उद्या रेकॉर्ड निघाली, तर तिच्यावर दोघांची नावं येणार होती. आणि जळगावात दोघांची नावं एकत्र घेतली जाऊ लागली, की पुढचं बोलणं वडीलधारी मंडळीच उरकून घेतात.

पहिली भेट मेहरूणच्या तळ्यावर झाली, तीही अचानक. पलीकडच्या काठाला गेलेल्या भावाला शेवंता हाक मारत होती. ओले केस, वाऱ्यानं उडणारा पदर, आणि ती हाक… पाण्यावरून सरळ निघाली ती पलीकडच्या बाभळींत जाऊन थांबली. शालिग्राम सायकल धरून उभाच राहिला.

"काय पाहता?" तिनं विचारलं.

"पाहत नाही… ऐकतोय."

"हाक कधी ऐकली नाही वाटतं?"

घरी येऊन त्यानं पेटी उघडली आणि ती हाक शोधायला लागला. काळी पाचवर, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीवर, सापडली.

पुढं गणपतीच्या मेळ्यात शेवंता गायला आली, तेव्हा पेटीवर शालिग्रामच होता. गाणाराचा सा कुठं धरायचा, म्हणजे पट्टी कोणती, हे तिथं पेटीवालाच ठरवी. त्यानं काळी दोन धरली, पाचहून बरीच खालची. ती त्याची स्वतःची. पुरुषाचा गळा खुलतो तिथली. तिच्यात शेवंताचा आवाज गोड लागे, पण वात खाली केलेल्या कंदिलासारखा. लोकांना तेवढा उजेडही पुष्कळ होता. दोन वर्षं दोघं लग्नांत, मेळ्यांत, सत्यनारायणाला गायली. तालमीत तिची नजर त्याच्या बोटांवर असे. त्यानं वर पाहिलं, की तिला नेमकी तहान लागे.

चोपन्न साली मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीचे साहेब भावगीतं गाणारे निवडायला धुळ्याला आले. दोघं शेवंताच्या भावाला घेऊन मोटारीनं निघाली आणि तिच्या आत्याकडे, भागाबाईंकडे उतरली. मास्तर सांजेपर्यंत पेटीत डोकं घालून बसला, तशी आत्या म्हणाली, "पोर भुकी शे, मास्तर. बठ्ठं पेटीसंगेच बोलशात का?" सगळं बोलणं पेटीशीच, पोरीशी काहीच नाही, असा तो टोला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलच्या ओट्यावर दोघं आपल्या पाळीची वाट पाहत बसली. आत कुणी मुलगी मोकळ्या गळ्यानं गात होती. शालिग्रामला ते ऐकवेना.

"तुमची पट्टी काळी दोन नाही," तो खाली बघत म्हणाला. "काळी पाच आहे. तळ्यावरच्या त्या हाकेवरूनच कळलं होतं मला… मी बोललो नाही."

शेवंता रागावली नाही. "माझा गळा मला कळत नाही होय?"

"मग तुम्ही का बोलला नाहीत?"

"वरच्या पट्टीत तुम्हाला गाता आलं असतं, मास्तर?"

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "अजूनही काळी दोनच धरा. मी तिच्यातच गाते. नाही निवडलं तर नाही… जळगावला परत जाऊ. दोघं."

दोन वर्षं त्याला हेच तर ऐकायचं होतं. तेवढ्यात आतून नाव पुकारलं.

शालिग्राम बसला. भाता हलला. त्याचं बोट काळी दोनवर गेलं, क्षणभर थांबलं, आणि पुढं सरकून काळी पाचवर टेकलं.

"गा तू," तो म्हणाला. तोवर त्यानं तिला कधी 'तू' म्हटलं नव्हतं.

तिनं त्याच्याकडे एकदा पाहिलं, आणि गायली. साहेबांच्या हातातली पेन्सिल तशीच राहिली. गाणं दोघांचं होतं. त्याच्या ओळी आल्या तेव्हा त्याचे ओठ हलले, सूर काही हाती लागला नाही. त्या ओळीही मग तिनंच म्हटल्या… त्याच्याकडे न बघता.

साहेबांनी तिला निवडलं. पेटीला मुंबईत त्यांची माणसं होती, म्हणून मास्तर एकटाच जळगावला परतला. वर्षाच्या आत तिची रेकॉर्ड जळगावच्या हॉटेलांत वाजू लागली, आणि गिऱ्हाईक उठेना म्हणून मालक कुरकुरू लागले.

याची किंमत कुणी भरली म्हणाल, तर दोन वर्षं शेवंतानं भरली. आपला आवाज दाबून ती त्याच्या शेजारी बसली, आणि त्याला पत्ताही लागू दिला नाही. धुळ्याच्या त्या सकाळपासून पाळी शालिग्रामची आली. तो अजून भरतो आहे.