एक उंच, एक बुटकं

ही गोष्ट खरी आहे. माझ्या मावशीची आहे, आणि मावशी म्हणजे भाजीवाल्याच्या तराजूवरही विश्वास न ठेवणारी बाई. भुताखेतांचं तर नावच सोडा.

रविवार. दुपारचे तीन. प्रयोगशाळेच्या तळघरात ती एकटीच, तिच्या यंत्रापाशी.

दवाखान्यातला एमआरआय आणि केसाहून बारीक सुई, यांचं लग्न लावून बनवलेलं ते यंत्र. सुईच्या टोकाला कणभर चुंबक. खालचे अणू त्याला किंचित ओढतात, आणि त्या ओढीवरून एका विषाणूचं चित्र ओळीओळीने उमटतं. अकरा वर्षांत पूर्ण चित्र एकदाही मिळालं नव्हतं. सोमवारी यंत्र मोडीत जाणार होतं.

अट एकच... आसपास कुणी चालायचं नाही. पाऊल पडलं की संगणकाच्या पडद्यावर, हादरे टिपणाऱ्या हिरव्या रेघेत टोक उठतं, आणि चित्राची ती ओळ वाया जाते, पुन्हा काढावी लागते.

इतकी वर्षं यंत्रावर तिच्या जोडीला कप्तान असायचे. नावाचेच कप्तान; एका पायाने अधू. त्यांच्या पावलांची टोकं लगेच ओळखू यायची. एक उंच, एक बुटकं.

"कप्तान, बसा की जरा एका जागी!"

"आधी तुम्ही श्वास हळू घ्या, बाई. अणू दचकतायत."

कप्तान मार्चमध्ये वारले. तेव्हापासून मावशीचे दिवसच्या दिवस न बोलता जात.

साडेतीनला रेघ हलली.

उंच... बुटकं... उंच...

तिने हळूच फोन उचलला. "दादा, खाली कुणाला सोडलंत?"

पहारेकरी हसला. "कुलूप मीच लावलंय, बाई. मुंगी तरी कुठून सोडू?"

टोकं मोठी होत गेली. जिन्यापाशी... दाराशी... खुर्चीच्या अगदी मागे...

आणि थांबली.

तिने मान वळवली नाही. खुर्ची करकरली असती तरी आणखी एक ओळ गेली असती. चाळीस मिनिटं बाकी होती.

रेघ सपाट झाली. इतकी सपाट ती कधीच नव्हती.

चित्र पूर्ण झालं.

"झालं हो, कप्तान," मावशी म्हणाली.

मागे कुणी नव्हतं.

"घाबरलीस?" मी विचारलं.

"तेव्हा नाही गं. मग सगळी रेघ परत पाहिली. आल्याची टोकं आहेत... गेल्याचं एकही नाही. निघताना दिवा घालवावा की नको, कळेना."

"मग?"

"ठेवला चालू. अंधारात एकटं कसं सोडायचं?"