वारा सांगणारा आवाज

समुद्रकाठच्या अक्ताऊ विमानतळाच्या कँटीनमध्ये मागून आवाज आला, "चहात दूध जरा जास्त घाला."

मी गर्रकन वळले. हाच आवाज टॉवरमधून मला रोज वारा सांगायचा!

"तुम्ही टॉवरवाले?"

"ऐदोस." तो हसला. "आणि तुम्ही कप्तान मेरुएर्त. उशिरा हात घालणाऱ्या."

"म्हणजे?"

"धावपट्टी अगदी तोंडावर येईपर्यंत ऑटोपायलट. मग विमान हातात घेता आणि पंख दचकतात. दुर्बिणीतून दिसतं मला."

"नियमात बसतं ते!" मी फणकारले.

"बसतं की. पण आडव्या वाऱ्याशी हातांची ओळख नको व्हायला? लवकर घ्या हातात. नाही जमलं, तर परत वर जायला वेळ तरी मिळतो."

असा राग आला होता! पण त्या रात्री अल्माटीच्या घरी, एकटीसाठी एक कप चहा ओतताना वाटलं... आपले हात कुणीतरी इतक्या लांबून ओळखतं. किती वर्षांत कुणी माझ्याकडे असं पाहिलंच नव्हतं.

मग हिवाळाभर तो अर्ध्या तासाचा चहा चालला. त्याच्या आईने तळलेले गरम बाउरसाक, माझी थट्टा, आणि निघताना उगाच रेंगाळणं. मनातलं मात्र मी ओठांवर येऊ दिलं नाही. बघू पुढे, म्हणायचे. तिथेही मी उशीरवालीच.

आणि त्याची बदली झाली. उत्तरेला, कोस्तानायला. तिकडे माझं विमान जात नाही.

"शुक्रवारी शेवटची पाळी," तो म्हणाला. "संध्याकाळी गाडी. त्याआधी चहाला या... एक विचारायचंय."

"रेडिओवर विचारा की!"

"तिथलं सगळं टेप होतं, कप्तान."

शुक्रवारी समुद्रावरून सोसाट्याचा वारा सुटला होता, धावपट्टीला अगदी आडवा. मी बरंच उंचावर असतानाच ऑटोपायलट काढला. शेजारचा सहवैमानिक कुआनिश, मला आपाय म्हणजे ताई म्हणणारा, चकित झाला. "इतक्या लवकर, आपाय?"

"हातांना कळू दे."

आणि कळलं. विमानाचं नाक समुद्राकडे, धावपट्टी बाजूच्या काचेत. जरा सावरावं, तर दुसरा झोत. ऐदोस वारा सांगत होता, न मागता, पुन्हा पुन्हा. वाऱ्याचा आकडा विमानाच्या मर्यादेपर्यंत आला, मग ओलांडून गेला. त्याचा आवाज जराही हलला नाही. मी उतरले नाही तर आमची भेट नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. खाली चहा होता, तो होता. पाठीमागे भरलेलं विमान होतं. हात म्हणाले, नाही.

"वर जातोय," मी म्हणाले.

"समजलं. वर जा." मग टेप चालू असतानाच तो म्हणाला, "लवकर हातात घेतलंत... छान."

कुआनिशने शहाण्यासारखं खिडकीबाहेर पाहिलं.

विमान वळवून अतिराऊच्या विमानतळावर उतरलो. प्रवासी गेले, कुआनिशही गेला. रिकाम्या विमानात पहिल्या रांगेत बसून मी फोन लावला. पलीकडे स्टेशनचा कलकलाट होता.

"काय विचारणार होता?"

"आता राहू दे, कप्तान. कोस्तानाय फार लांब..."

"मग मीच सांगते. माझं प्रेम आहे तुमच्यावर. सुट्टी काढून येईन. तिकीट काढून, खिडकीपाशी बसून."

गाडीची शिटी झाली. आता फोन कटेल, मग हे रिकामं विमान आणि मी, एवढंच उरेल असं वाटलं.

"ऐकताय ना?"

"ऐकतोय." आज पहिल्यांदा त्याचा आवाज हलला. "इथला वारा ना... आत्ताच पडला बघा. लवकर ये, मेरू."